कुरैशांच्या घराण्यांचा तक्ता कसा काढावा

सांगलीत पदवीच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना एक अडचण मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. इस्लामच्या उदयाचा भाग सुरू झाला की विद्यार्थी अरबी नावांच्या गर्दीत हरवतात आणि मक्केतील सगळा संघर्ष केवळ जुन्या व नव्या धर्माचा होता, असे धरून चालतात. त्यावर मुहम्मद पैगंबर ज्यात जन्मले त्या मक्केतील कुरैश कुळाच्या घराण्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने काढणे हाच मला भरवशाचा उपाय वाटतो.

आधी दोन शब्द पक्के करावेत. ‘इब्न’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘बनू’ म्हणजे अमक्याचे वंशज. मिरजेच्या एका विद्यार्थिनीने प्रत्येक चौकटीत ‘बनू’ हे आडनाव म्हणून लिहिले होते, त्यामुळे हाशिम आणि मखझूम यांची माणसे एकाच घरची दिसू लागली होती. मिरज आणि कुरुंदवाड संस्थानांच्या थोरल्या व धाकट्या पात्या तिला लहानपणापासून ठाऊक होत्या. कुरैश हे कूळ आणि बनू हाशिम ही त्याची एक पाती, असे सांगताच तिने चुकीच्या चौकटी खोडून तक्ता नव्याने काढला.

कागद आडवा धरून मध्यभागी कुसय्य हे नाव लिहावे. पाचव्या शतकात त्यानेच विखुरलेल्या कुरैशांना मक्केत एकत्र वसवले, असे परंपरा सांगते. त्याच्याखाली अब्द मनाफ, अब्द अद-दार आणि अब्द अल-उझ्झा हे मुलगे लिहावेत, आणि अब्द मनाफच्या खाली हाशिम, अब्द शम्स, मुत्तलिब व नौफल हे चौघे. मखझूम, तैम आणि अदी ही घराणी कुसय्यची संतती नाहीत. त्यांच्या रेषा त्याच्या पूर्वजांपासून बाजूला काढाव्यात. पहिले दोन खलिफा अबू बक्र व उमर अनुक्रमे तैमचे व अदीचे, आणि पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू जहल मखझूमचा, एवढे तेथेच नोंदवावे. हाशिमचा मुलगा अब्द अल-मुत्तलिब आणि हाशिमचा भाऊ मुत्तलिब या दोन व्यक्ती आहेत, याकडे विशेष लक्ष द्यावे.

यानंतर दुसऱ्या रंगाने मान लिहावेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचे मान ठरलेले असतात, त्यामुळे मानाला किती किंमत असते हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यात्रेकरूंना पाणी पाजण्याचा व अन्न देण्याचा मान अब्द मनाफच्या वंशजांकडे, तर काबागृहाच्या किल्ल्या आणि युद्धातील निशाण अब्द अद-दारच्या वंशजांकडे राहिले. ही वाटणी सहज झालेली नाही. अब्द मनाफच्या बाजूच्या घराण्यांनी सुगंधी द्रव्याच्या भांड्यात हात बुडवून शपथ घेतली, दुसऱ्या बाजूनेही आपला गट बांधला आणि लढाई तोंडावर आली असताना समेट झाला. या शपथा तुटक रेषांनी दाखवाव्यात, कारण रक्ताच्या नात्याइतकाच करारही तेथे बांधून ठेवत असे.

शेवटी वर्षे लिहावीत. अब्द शम्सच्या रेषेवर उमय्या, हर्ब, पैगंबरांचा दीर्घकाळ विरोधक राहिलेला अबू सुफ्यान आणि 661 मध्ये खलिफा झालेले मुआविया येतात. उमय्याच्याच दुसऱ्या फांदीवर तिसरे खलिफा उस्मान येतात, आणि ते तर अगदी सुरुवातीच्या अनुयायांपैकी होते. हाशिमच्या रेषेवर मुहम्मद पैगंबर, त्यांचे चुलतभाऊ अली आणि चुलते अब्बास येतात. अब्बास यांच्या वंशजांनी 750 मध्ये उमय्या घराण्याची सत्ता संपवली. घराणे आणि श्रद्धा यांची सरळ जोडी लावता येत नाही, हे पैगंबरांच्या आणखी दोन चुलत्यांवरून कळते: परंपरेनुसार अबू तालिब यांनी इस्लाम न स्वीकारताही शेवटपर्यंत पुतण्याचे रक्षण केले आणि अबू लहबने विरोध केला.

तक्ता तपासण्यासाठी एकच प्रसंग घ्यावा. 619 च्या सुमारास अबू तालिब वारले आणि घराण्याचे संरक्षण संपले. ताइफ शहरातील सकीफ टोळीनेही पैगंबरांना आसरा नाकारला. मक्केत परतण्यासाठी त्यांना ज्याने अभय दिले तो मुतइम इब्न अदी कोणत्या चौकटीत बसतो, ते पाहावे. नावातील ‘अदी’ पाहून त्याला उमर यांच्या घराण्यात टाकण्याची चूक हमखास होते. तो नौफलच्या घराण्यातला, म्हणजे अब्द मनाफच्या ज्या मुलाची चौकट विद्यार्थी बहुधा रिकामी सोडतात त्याचा वंशज होता.