जुना एसी काढून नवा बसवताना

नाशिकमध्ये एसी बदलायचाच असेल तर आधी 'हॉट अँड कोल्ड' मॉडेलचा विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि जानेवारीत निफाडची थंडी शहरातही शिरते. हा एसी थंडीत चक्र उलटं फिरवून बाहेरची उष्णता आत आणतो, त्यामुळे कॉइलच्या हीटरपेक्षा वीज बरीच कमी लागते. मात्र वर्षातले जेमतेम दोन महिनेच गरज असेल, तर किमतीतला फरक बघून ठरवा.

खरी गोम बसवण्यात आहे. जुना एसी आर-२२ या थंडावा देणाऱ्या गॅसचा असेल, तर त्याचेच तांब्याचे पाइप वापरू देऊ नका. नव्या एसीतल्या आर-३२ गॅसचा दाब जवळपास दीडपट असतो, शिवाय जुन्या पाइपात वेगळं तेल चिकटून राहिलेलं असतं. जुना एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा. तो हवेत सोडणारे महाभाग खूप भेटतात!

नवे पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, निदान पंधरा-वीस मिनिटं. घाईतला कारागीर थोडा गॅस सोडून हवा काढतो आणि 'झालं साहेब' म्हणतो. पाइपात ओल राहिली की पुढे कॉम्प्रेसर बिघडतो. म्हणून पंप आणलाय का, हे फोनवरच विचारा.

बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात नको. आणि हो, भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायला लावा, नाहीतर पाणी थेट पलंगावर.