एडीएचडी आहे? आधी वीजबिल ऑटोपेवर टाका
मोठेपणी एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामं लक्षात ठेवणं अवघड करणारी मेंदूची स्थिती) कळला की लोक आधी जाडजूड प्लॅनर आणतात, ते राहू द्या, वीजबिल, ईएमआय, रिचार्ज सगळं ऑटोपेवर टाका म्हणजे लक्षात ठेवायची कटकटच नको. चावी, पाकीट, गोळ्या दाराजवळ उघड्या ट्रेमध्ये, ड्रॉवरमध्ये अजिबात नको, दिसलं नाही की विसरलंच. काम सुरूच होत नसेल तर 'रिपोर्ट लिहायचा' असं नका लिहू, 'फाईल उघडून नाव द्यायचं' एवढंच लिहा आणि कुणाला तरी शेजारी बसवा, व्हिडिओ कॉलवर आपलं काम करत गप्प बसलेला मित्रही चालतो, खरंच फरक पडतो. आणि रील्स बघून स्वतःच ठरवू नका हं, सायकियाट्रिस्टकडे जा. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी होती का हे ते विचारतातच, म्हणून आईला नाहीतर ताईला सोबत न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं सापडली तर तीही.