रेडिएशननंतरचा एमआरआय: या चुका टाळा

मी जळगावला एमआरआयवर आहे. मेंदूच्या गाठीचं रेडिएशन लोक मुंबईला नाहीतर नाशिकला घेतात, पण फॉलोअप स्कॅनला इथेच येतात, कारण चोपडा-शहाद्याहून दर दोन-तीन महिन्यांनी मुंबई कोणाला परवडते? चुका मात्र त्याच त्याच बघतोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रेडिएशन संपल्यावर पहिल्या 12 आठवड्यांतल्या स्कॅनवर गाठ वाढली असं ठोकून देणं. ग्लायोब्लास्टोमात (मेंदूची जोरात वाढणारी कॅन्सरची गाठ) रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमोच्या गोळ्या) झालं की रक्तवाहिन्या गळायला लागतात, काँट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध) बाहेर झिरपतो, सूज येते आणि गाठ मोठी दिसते. हेच स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे वाढल्याचा नुसता भास, आणि गाठीत एमजीएमटी हे जनुक मिथायलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, असेल तर जास्तच दिसतं. 2010 च्या रॅनो निकषांपासून (गाठ वाढली की कमी झाली ते ठरवायचे नियम) हे लिहिलेलं आहे, तरी.

चोपड्याकडच्या एका काकांचं असंच झालं. रेडिएशन संपून दीडेक महिना झालेला, दुसऱ्या एका सेंटरवर साधा काँट्रास्ट एमआरआय केला, तुलना थेट ऑपरेशननंतरच्या स्कॅनशी केली, आणि रिपोर्टात 'गाठीत वाढ'. पोराने तो मोबाईलवर वाचला, घरी सांगितलं गाठ वाढी गयी, गोळ्या बंद, शेत गहाण टाकायची बोलणी सुरू! माझ्याकडे आले तेव्हा परफ्युजन (रक्तपुरवठा मोजणारा स्कॅन) केलं तर आरसीबीव्ही (गाठीतल्या रक्ताचं प्रमाण) खाली, एडीसी (पाणी किती मोकळं फिरतं त्याचा आकडा) चढलेला, म्हणजे जिवंत गाठीचं चित्र नव्हतंच. त्यांच्या कॅन्सरवाल्या डॉक्टरांनी गोळ्या परत सुरू केल्या, पुढच्या स्कॅनला ते काँट्रास्ट घेणारं कमी झालेलं.

माझी सवय अशी की रेडिएशन संपल्याची तारीख फॉर्मवर लाल पेनाने लिहिल्याशिवाय पेशंट आत घेत नाही, आणि रेडिएशननंतर साधारण 4 आठवड्यांनी झालेला स्कॅन मागतो. तुलनेचा पाया तोच, 2023 च्या सुधारित रॅनोतही तेच आहे.

दुसरं, पिवळा व्हेनफ्लॉन (शिरेत लावायची बारीक नळी) लावून परफ्युजन करणारी नवीन पोरं. अरे, डीएससीला (परफ्युजनची एक पद्धत) काँट्रास्ट सेकंदाला 4-5 मिली गेला पाहिजे, 24 नंबरच्या सुईतून हाताने ढकलून काय होणार, कर्व्ह लोळतो आणि त्यावर सॉफ्टवेअर जो रंगीत नकाशा काढतं त्याला काही अर्थ नसतो. केमोने शिरा खराब झालेल्या असतात मान्य, मग दहा मिनिटं हात शेकवा, चांगली शीर शोधा, गुलाबी, म्हणजे जरा जाड, व्हेनफ्लॉन तरी लावा. बाहेर लाईन लागलीय हे कारण मला सांगू नका. आणि आधी थोडा काँट्रास्ट देऊन ठेवा, प्रीलोड, शिवाय सॉफ्टवेअरचं लीकेज करेक्शन (गळतीचा हिशोब) चालू ठेवा. नाहीतर गळतीमुळे आरसीबीव्ही खोटा कमी येतो आणि खरी गाठ नेक्रोसिस (रेडिएशनने मेलेला भाग) म्हणून सुटून जाते. हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट.

आरओआय (आकडा मोजायला आखलेला भाग) मोठ्या रक्तवाहिनीवर ठेवू नका, जुन्या रक्तस्रावावर तर नाहीच.

स्पेक्ट्रोस्कोपीचा (गाठीतली रसायनं मोजणारा स्कॅन) व्हॉक्सेल, म्हणजे मोजायचा चौकोन, कवटीला चिकटवला की चरबीचा पीक येतो आणि लोक त्यालाच नेक्रोसिस म्हणतात.

डिफ्युजनवर (पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र) पांढरं दिसलं की लगेच रिस्ट्रिक्शन, म्हणजे पाणी अडलंय, असं लिहू नका, एडीसी मॅप उघडून बघा, टी2 शाइन-थ्रू असतं, म्हणजे पाणी अडलेलं नसतानाही चमकतं.

बेव्हासिझुमॅब (रक्तवाहिन्यांची गळती कमी करणारं औषध) सुरू असेल तर काँट्रास्ट दोन-चार दिवसांतही कमी दिसू शकतो, त्यावर पेढे वाटायची घाई नको, फ्लेअर (काँट्रास्ट न घेणारा भाग आणि सूज दाखवणारं चित्र) बघा. स्टिरॉईडचा डोस वाढवला की कमी केला हेही विचारून घ्या, त्यानेही चित्र बदलतं. आणि रेडिएशन नेक्रोसिस वर्षभराने, कधी त्याहून उशिराही येतं, म्हणून 12 आठवडे उलटले की डोळे झाकून गाठच म्हणायची असंही नाही.

पेशंटच्या घरच्यांसाठी एकच. घडी घातलेल्या फिल्म आणू नका भाऊ, सीडी आणा, आणि निघायच्या आधी ती कुठल्यातरी कॉम्प्युटरवर उघडते का ते बघून घ्या. शक्यतो दर वेळी त्याच मशीनवर या, 1.5 टेस्लाचे (मशीनच्या चुंबकाची ताकद) आकडे 3 टेस्लाच्या आकड्यांशी जुळवत बसायला लावू नका.