स्वस्त मल्टिमीटर घ्यावा का? आणि घेतलाच तर कसा पारखावा?

घरी हौसेने इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्याने बाजारातला सर्वांत स्वस्त मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारं यंत्र) घ्यावा का? माझं उत्तर स्पष्ट आहे: जरूर घ्यावा. फक्त तो भिंतीतल्या सॉकेटला कधीही लावू नये. बहुतेक लोक अचूकतेच्या काळजीने महागडा मीटर शोधत बसतात आणि सुरक्षिततेचा विचारच करत नाहीत. खरं तर स्वस्त मीटरची अचूकता हौशी कामाला पुरून उरते. तो कमी पडतो तो मेन्सच्या, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपुढे.

हा मीटर म्हणजे बहुधा पिवळा किंवा काळा डबा, मधोमध फिरवायचा गोल खटका, ९ व्होल्टची बॅटरी आणि १९९९ पर्यंत मोजणारा डिस्प्ले. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी आतला नकाशा जवळपास सारखाच असतो. तो विकत घेण्याआधी आणि घेतल्यावर काय काय तपासायचं ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : आपलं काम कुठलं ते ठरवा

सेल, पॉवर बँक, यूएसबीवर चालणारे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एलईडी पट्ट्या, खेळण्यातल्या मोटारी, १२ व्होल्टची गाडीची बॅटरी, तुटलेल्या वायरी शोधणं, रेझिस्टर ओळखणं अशी कामं असतील तर स्वस्त मीटर निर्धास्त घ्या. ही सगळी कामं ३०-४० व्होल्टच्या आतली आहेत. गाडीच्या बॅटरीबाबत मात्र एक लक्षात ठेवा. व्होल्टेज कमी असलं तरी ती शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर देऊ शकते. म्हणून तिच्यावर फक्त व्होल्टेज मोजा.

स्विचबोर्ड, मिक्सर, इस्त्री, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर उघडून दुरुस्ती असं काही करायचं असेल तर पुढची पायरी नीट वाचा आणि बजेट वाढवा. चार्जरसारख्या वस्तूत २३० व्होल्टचा एसी आत शिरल्या शिरल्या सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत तर कुठलाही मीटर घेऊन हौशी माणसाने जाऊच नये.

पायरी २ : मीटरच्या तोंडावर आणि पोटात काय आहे ते बघा

मीटरच्या पुढच्या बाजूला कॅट २, कॅट ३ असं काही तरी (कॅट म्हणजे सुरक्षिततेची श्रेणी) आणि शेजारी व्होल्टचा आकडा छापलेला असतो. कॅट २ म्हणजे सॉकेटला प्लगने जोडलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे इमारतीचं पक्कं वायरिंग आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड, कॅट ४ म्हणजे बाहेरून वीज आत येते ती जागा. शेजारचा व्होल्टचा आकडा नेहमीच्या दाबाचा. पण वीज पडल्याने किंवा मोठी मोटार बंद-चालू झाल्याने लाइनवर क्षणभर कित्येक हजार व्होल्टचा धक्का येतो आणि मीटरला तोही सोसावा लागतो. कॅट ३, ६०० व्होल्ट असा मीटर ६००० व्होल्टचा धक्का सोसेल अशी अपेक्षा असते.

अडचण अशी, की छापायला शाई पुरते. काडेपेटीएवढ्या मीटरवर कॅट ३ छापलेलं मी बघितलं आहे. त्यामुळे मागचं झाकण उघडा. आधी प्रोब, म्हणजे मोजायच्या टोकांच्या वायरी काढा आणि मगच स्क्रू. आत तीन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे फ्यूज. काचेची बारीक नळी आणि आत केसासारखी तार दिसली, तर तो फ्यूज छोट्या सर्किटसाठीच आहे. अशा साध्या काचेच्या फ्यूजची करंट तोडण्याची क्षमता ३५ अँपिअरच्या आसपास असते. मेन्सवर शॉर्ट झालं तर त्याहून कितीतरी पट जास्त करंट धावतो. तार वितळते, पण तिच्या जागी ठिणगीची कमान तयार होते आणि करंट चालूच राहतो. मेन्ससाठी चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा जाडजूड फ्यूज असतो. त्यातली वाळू ती कमान विझवते.

दुसरी म्हणजे १० अँपिअरचं भोक. त्याच्यापासून कॉमच्या (काळ्या वायरीच्या) भोकापर्यंत एक जाड तार कमानीसारखी वाकवून बसवलेली दिसेल. हाच करंट मोजायचा शंट. स्वस्त मीटरमध्ये या वाटेवर बहुतेकदा फ्यूजच नसतो आणि पुढे 'अनफ्यूज्ड' असं प्रामाणिकपणे छापलेलंही असतं. याचा अर्थ असा, की प्रोब या भोकात असताना ती दोन टोकं कुठेही टेकवणं म्हणजे तिथे जाड तारेने शॉर्ट करणं. मल्टिमीटरचे वाईट अपघात नेमके असेच होतात: आधी करंट मोजला, प्रोब त्याच भोकात राहिला आणि पुढे कोणी तरी व्होल्टेज बघायला गेलं.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. चांगल्या मीटरच्या बोर्डवर जास्त व्होल्टेजच्या भागांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, कधी बोर्डला फटी पाडलेल्या असतात. सगळं एकमेकाला खेटून बसवलेलं असेल तर कॅटचा छाप विसरा. यूएल, सीएसए, टीयूव्ही, ईटीएल अशा स्वतंत्र तपासणीची खूण असेल तर ती वजनदार. सीईची खूण मात्र उत्पादक स्वतःच लावतो, तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

पायरी ३ : लीड बदलायच्या का ते ठरवा

स्वस्त मीटरसोबत आलेल्या लीड, म्हणजे प्रोबच्या वायरी, हा त्याचा सर्वांत कच्चा भाग. पीव्हीसीची वायर कडक असते आणि वाकून वाकून प्रोबच्या मानेपाशी आतल्या आत तुटते. मग मीटर खोटे आकडे दाखवतो आणि माणूस सर्किटला दोष देत बसतो. कंटिन्युइटीवर (वाट सलग असली की बीप वाजते त्या जागी) खटका ठेवून दोन्ही टोकं एकत्र टेकवा आणि लीड मुळापाशी हळूहळू वाकवत राहा. बीप तुटली तर लीड गेली. मऊ सिलिकॉनच्या लीड वेगळ्या मिळतात. मीटर स्वस्त असला तरी लीड चांगल्या घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण पुढे मोठा मीटर घेतला तरी बहुतेकदा त्याच चालतात. सोबत दोन मगरपकडीच्या लीड असल्या की हात मोकळे राहतात.

पायरी ४ : घरच्या घरी अचूकता तपासा

आधी आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. अशा मीटरच्या पत्रकात डीसी व्होल्टसाठी साधारण "±०.५ टक्के + २ अंक" असं लिहिलेलं असतं. २० व्होल्टच्या रेंजवर मीटर ५.०० दाखवतोय असं समजा. अर्धा टक्का म्हणजे ०.०२५ व्होल्ट आणि शेवटचे दोन अंक म्हणजे ०.०२ व्होल्ट. एकूण फरक ०.०४५. म्हणजे खरं व्होल्टेज ४.९५५ ते ५.०४५ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. यूएसबीचे ५ व्होल्ट बरोबर येताहेत की नाही हे कळायला एवढं भरपूर झालं.

आता मीटर स्वतः पत्रकाला जागतो का ते बघायचं. १ टक्का टॉलरन्सचे, म्हणजे छापील आकड्यापासून फार तर १ टक्का इकडेतिकडे असणारे पाच-सहा रेझिस्टर घ्या, १ किलोओहम, १० किलोओहम, १०० किलोओहम असे. १ किलोओहमचा रेझिस्टर ९९० ते १०१० च्या मध्ये किंवा त्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. एकच रेझिस्टर बघून निर्णय देऊ नका. सगळेच एका बाजूला कललेले दिसले तर मीटर कललेला आहे. नवा अल्कलाइन सेल १.५ ते १.६५ व्होल्ट दाखवतो. पूर्ण चार्ज झालेला लिथियम आयन सेल ४.२ च्या जवळ असतो. याहून पक्कं माप हवं असेल तर २.५ व्होल्टची व्होल्टेज रेफरन्स चिप (ठरलेलं पक्कं व्होल्टेज देणारी) किरकोळ भावात मिळते, तिचं व्होल्टेज मोजून आकडा लिहून ठेवा.

कमी ओहम मोजताना दोन्ही टोकं टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका. लीडचाच ०.३-०.५ ओहम असतो.

आणि बॅटरी! आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की या मीटरांचं आतलं तुलनेसाठीचं संदर्भ व्होल्टेज खाली येतं आणि बाहेरचे आकडे वाढीव दिसतात. नव्या सेलवर १.९ व्होल्ट आले तर सेलची चमत्कारिक गोष्ट समजू नका, आधी मीटरची बॅटरी बदला.

पायरी ५ : दोन रेझिस्टरचा एक प्रयोग

मीटर समजून घ्यायचा असेल तर हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि दोन टोकांना ९ व्होल्टची बॅटरी लावा. मधल्या सांध्यावर निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्ट असायला हवेत. आता सांधा आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात मीटर लावा.

बरेच स्वस्त मीटर इथे ३.० व्होल्ट दाखवतात. मीटर बिघडलेला नसतो. त्याचा स्वतःचा आतला रोध १ मेगाओहम असतो, तो खालच्या रेझिस्टरच्या बरोबरीने बसतो, दोघांचा मिळून अर्धा मेगाओहम होतो आणि ९ व्होल्टची वाटणी २:१ अशी होते. मोजायला गेलेल्या मीटरनेच सर्किट बदललं. ४.२९ च्या आसपास आकडा आला तर तुमच्या मीटरचा रोध १० मेगाओहम आहे, हे चांगलं.

बॅटरी, अडॅप्टर, मोटार यांच्यावर याचा काहीच फरक पडत नाही. सेन्सर, मायक्रोफोन प्रीअँप, मोठे रेझिस्टर असलेली सर्किट यांच्यावर पडतो. आपला मीटर कुठल्या प्रकारचा आहे ते माहीत असलं की चुकीचा आकडा ओळखता येतो.

करंट मोजतानाही असंच होतं. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर पूर्ण करंट वाहताना शंटवर ०.२ व्होल्ट पडतात, त्यात फ्यूज आणि लीडची भर. ३.३ व्होल्टवर चालणारा बोर्ड मीटर मध्ये घातल्यावर पुन्हा पुन्हा रिसेट होत असेल तर कारण बहुधा हेच. रेंज वाढवून बघा, शेवटचे अंक जातील पण बोर्ड चालेल.

पायरी ६ : हाताला वळण लावा

करंट मोजून झाला की पहिलं काम: लाल लीड परत व्होल्ट-ओहमच्या भोकात. मीटर बाजूला ठेवण्याआधी, फोन घेण्याआधी. याबाबतीत कडक राहा.

ओहम, कंटिन्युइटी आणि डायोडची मापं वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे करून. मोठ्या रेंजवरून छोट्या रेंजवर या, उलटं नको. डायोडच्या चाचणीत साधा सिलिकॉन डायोड एका बाजूने ५५० ते ७०० च्या दरम्यान मिलिव्होल्ट दाखवतो आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आला तर तो शॉर्ट झालेला आहे.

एखादी जागा 'बंद आहे' असं मीटरच्या शून्यावरून ठरवायचं असेल तर आधी माहितीच्या चालू जागी मीटर चालतोय ते बघा, मग संशयाची जागा, मग पुन्हा चालू जागा. लीड तुटली तरी मीटर शून्यच दाखवतो. मेन्सवर हे करायचं तर अर्थातच त्यासाठी बनवलेल्या मीटरने.

पायरी ७ : पुढचा मीटर कधी?

दोन कारणांनी. मेन्सचं काम करायचं ठरवलंत तर लगेच, काम सुरू करायच्या दिवसापर्यंत थांबू नका. स्वतंत्र तपासणीची खूण, सिरॅमिक फ्यूज आणि दोन्ही करंटच्या भोकांना फ्यूज, एवढं त्यात हवंच. दुसरं कारण कामाच्या गरजेचं. डिमर, इन्व्हर्टर, मोटर ड्राइव्ह यांची लहर साईनसारखी गुळगुळीत नसते. साधा मीटर एसीची सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो आणि हे गणित फक्त साईन लहरीलाच लागू पडतं. तिथे ट्रू आरएमएस, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लहरीचं खरं मूल्य काढणारा मीटर लागतो. कपॅसिटर मोजणं, आपोआप रेंज निवडणं, चटकन वाजणारी बीप या सोयीही मिळतात. त्यातली चटकन बीप रोजच्या कामात सर्वांत जास्त सुख देते.

नवा आला म्हणून जुना फेकू नका. दोन मीटर असले की व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी बघता येतात. एलईडी पट्टी किती वॉट खाते बघायचंय? नवा मीटर करंटसाठी पट्टीच्या वाटेत घाला, कारण फ्यूज त्याचा चांगला आहे, आणि जुना पट्टीच्या दोन टोकांना व्होल्टवर लावा. दोन्ही आकडे एकदम वाचा आणि गुणा. आणि जुना महिनोन्‌महिने लागणार नसेल तर त्यातली बॅटरी काढून ठेवा, कारण ती गळली की आधी स्प्रिंग खाते आणि मग बोर्ड.