शुभंकरांचा मासिक वर्ग: आधी घरी कोण बसणार ते ठरवा

घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी वर्ग ठरतो. हॉल मिळतो, डॉक्टर यायला तयार होतात, लिफ्टमध्ये नोटीस लागते. प्रत्यक्षात समोर येऊन बसतात ते रोज सकाळी टेकडी चढणारे, तब्येतीनं ठणठणीत ज्येष्ठ. पक्षाघात झालेल्या सासऱ्यांचं सगळं करणारी सून घरीच असते. स्मृतिभ्रंश झालेल्या बायकोला पाच मिनिटंही एकटं सोडता येत नाही, असे पंचाहत्तरीचे आजोबाही घरीच असतात. त्या दोन तासांत घरी कोण थांबणार, हे कुणी ठरवलेलंच नसतं. सोसायटीत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात असा वर्ग सुरू करायचा असेल, तर पहिलं काम हेच आहे. वक्ता शेवटी शोधायचा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रुळवले आहेत. इथेही तेच वापरले आहेत. नोटिशीवर मात्र साधं लिहा: ‘घरी आजारी किंवा अंथरुणावरचं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी’. ‘ज्येष्ठांसाठी कार्यक्रम’ असं लिहिलंत की चाळीस-पन्नाशीतली मुलं-सुना तो आपल्यासाठी आहे असं समजतच नाहीत.

नावं कशी मिळवायची

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. ‘आमच्या बाबांना लघवीचा ताबा राहिलेला नाही’ हे दोनशे जणांसमोर कुणी लिहीत नाही. दोघांची जोडी करा, त्यात एक तरी बाई असू द्या, आणि संध्याकाळी घरोघर जा. दहा दिवस पुरतात. विचारायचं एवढंच: सांभाळायला कोण आहे, दिवसातले किती तास, माणूस चालतं-फिरतं आहे की अंथरुणावर, मदतीला मावशी आहेत का, सर्वांत अवघड काम कोणतं वाटतं, आणि आठवड्यातला कोणता दीड तास सुटू शकतो. आजाराचं नाव त्यांनी आपणहून सांगितलं तरच लिहा. वही एकाच माणसाकडे राहील. औषधाच्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकांची नावं मागू नका. मोठ्यांचे डायपर घेणाऱ्यांच्या पिशवीत चिठ्ठी टाकायला मात्र त्याला सांगता येतं.

दहा-बारा घरं मिळाली की सुरुवात करा. वीसच्या वर गेलात तर दोन गट करा, कारण मोठ्या गटात हातानं शिकता येत नाही आणि मनातलं बोलताही येत नाही.

सोबत

वर्गाच्या वेळी शुभार्थीजवळ थांबणाऱ्यांची फळी म्हणजे ‘सोबत’. तब्येतीनं धडधाकट निवृत्त मंडळी यासाठी उत्तम. नोटीस वाचून आलेले ते टेकडीवाले ज्येष्ठ इथे कामाला येतात. प्रत्येक घरासाठी दोन नावं ठरवा, म्हणजे एक आजारी पडला तरी वर्ग बुडत नाही. पहिली भेट शुभंकर घरात असताना अर्धा तास द्या. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासमोर अनोळखी चेहरा आणि घरातलं माणूस बाहेर, हे दोन्ही एकदम आलं तर ते घाबरतं, दाराशी जातं, कधी हातही उगारतं.

सोबतीला जाणाऱ्यानं खायला-प्यायला द्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, उचलायचं नाही. हे तीन नियम त्याच्याकडून वदवून घ्या. आजी पाणी मागतात म्हणून प्रेमानं दिलेला पेलाच घशात अडकू शकतो. बसायचं, बोलायचं, रेडिओ लावायचा, काही वेगळं वाटलं तर शुभंकराला फोन करायचा. वर्ग जवळच असल्यामुळे तो पाच मिनिटांत पोचतो. अंथरुणावरच्या माणसाला निघण्यापूर्वी शुभंकरानंच कूस बदलून द्यायची. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: शुभार्थीचं नाव आणि वय, आजार, ॲलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचा फोन आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

जे शुभार्थी हॉलपर्यंत येऊ शकतात, त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत पत्ते, गाणी, बसून करायचे व्यायाम ठेवा. एकाच खोलीत मात्र बसवू नका. आई समोर असेल तर मुलगी थकल्याचं बोलत नाही.

वेळ, जागा, सामान

बहुतेक घरांत रुग्णसेवा ब्युरोच्या पगारी मावशींची पाळी सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला बदलते, त्यामुळे त्या वेळा टाळा. दुपारी चार ते साडेपाच सर्वांत बरी: जेवणं, औषधं आणि वामकुक्षी उरकलेली असते. नोकरीवाल्यांसाठी तोच वर्ग शनिवारी घ्या. गुरुवार नको, कारण दुरुस्तीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ती बहुधा त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी उशिरा, कमी दाबानं येतं. अशा दिवशी अंथरुणावरचं माणूस असलेलं घर सोडून कुणी निघत नाही. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा सोडून वर्षाला दहाच वर्ग ठरवा.

जागा तळमजल्यावरची हवी, जवळ पायऱ्या नसलेलं स्वच्छतागृह हवं. सोसायटीत हॉल नसेल तर महापालिकेचं ज्येष्ठांसाठीचं विरंगुळा केंद्र दुपारी विचारून पाहा. हातांच्या खुर्च्या गोलात मांडा, व्यासपीठ नको. सामान: एक खाट, चाकाची खुर्ची, दोन जुन्या सुती चादरी, चार उशा, रक्तदाबाचं यंत्र, ग्लुकोमीटर. विकत काही घेऊ नका. पुण्यात अनामत रकमेवर रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था जागोजागी आहेत.

नव्वद मिनिटांत पहिली दहा चहाला, पुढची चाळीस हातानं करायला, तीस बोलायला, आणि उरलेली दहा पुढच्या वेळची सोबत ठरवायला. भाषणाला वेळ ठेवलेला नाही, तो मुद्दामच. चादर धरून माणसाला कुशीवर वळवणं ऐकून येत नाही.

पहिला वर्ग: कूस बदलणं आणि शय्याव्रण

शय्याव्रण म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा. सुरुवात इथूनच करा, कारण घरोघरी सर्वाधिक चुका इथे होतात आणि त्या टाळता येण्यासारख्या असतात. शिकवायला फिजिओथेरपिस्ट किंवा अनुभवी परिचारिका बोलवा. गटातल्याच एकाला खाटेवर झोपवा.

चादरीची घडी घालून ती खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत अंगाखाली आडवी अंथरा. दोघांनी दोन बाजूंनी कडा गुंडाळत अंगाजवळ आणायच्या, आकडे मोजून एकदम उचलून सरकवायचं. ओढायचं नाही, ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. एकटं असाल तर त्या माणसाचा पलीकडचा गुडघा वाकवा, एक हात खांद्यावर, दुसरा खुब्यावर ठेवून आपल्याकडे वळवा. पूर्ण कुशीवर नको. पाठीमागे उशी देऊन तीस अंशांचा कल पुरे, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये, तिसरी पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी राहतील अशी. पक्षाघाताच्या बाजूचा हात किंवा बगल धरून कधीही उचलू नका, खांदा निखळतो.

दर दोन तासांनी कूस बदला आणि प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे पाहा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी दिसत नाही. म्हणून हात लावून पाहा: तो भाग भोवतीपेक्षा गरम, कडक किंवा भिजल्यासारखा मऊ लागतो का? लाल दिसत असेल तर बोटानं दाबा. दाबल्यावर ती जागा पांढरी पडत नसेल तर व्रणाची सुरुवात झाली आहे. त्या जागेवर भार अजिबात नको, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

इथे बहुतेक घरांत स्पिरिट किंवा पावडर लावून ती जागा चोळतात. आत आधीच दुखावलेला भाग चोळल्यानं आणखी फाटतो. मध्ये भोक असलेली गोल उशीही नको. तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा तोडतो. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही, आणि त्या गादीवर रजई किंवा प्लॅस्टिकचं जाड कापड ताणून बसवलं तर तिचा उपयोगच संपतो. वर एकच सुती चादर, तीही सैल.

दुसरा वर्ग: भरवणं

गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला सर्वांत अवघड असतं ते पाणी. चहा, ताक, वरणाचं पाणी घशातून इतकं भरकन जातं की श्वासनलिका मिटायला वेळच मिळत नाही. ‘पातळ द्या, सोपं जाईल’ हा समज मोडण्यासाठी हा वर्ग. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थही धोक्याचे: दुधातले पोहे, शेवयांची पातळ खीर, आमटीत कुस्करलेली पोळी. घोटलेला वरणभात, कुस्करलेलं केळं, रव्याची घट्ट खीर त्यापेक्षा बरी. नेमकं किती घट्ट, हे स्पीच थेरपिस्टनं तपासून सांगायचं.

माणूस पूर्ण जागं हवं, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. लहान चमचा, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. आपण उभं राहून भरवलं की ते माणूस मान वर करतं आणि श्वासाची वाट उघडी पडते. म्हणून समोर बसूनच भरवा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा, मग पाठीमागचा भाग तीस अंशांवर आणा, नाहीतर माकडहाडावर ताण येतो. शेवटी तोंड स्वच्छ करा, रात्री कवळी काढा. जेवताना खोकला, नंतर घोगरा ओलसर आवाज, वारंवार बारीक ताप यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा. काहींना अन्न श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही, त्यामुळे तापाकडे लक्ष हवंच. नाकातल्या नळीनं भरवणं वर्गात शिकवू नका. ते ज्याच्या त्याच्या घरी परिचारिकेनं दाखवायचं.

पुढचे वर्ग

खाटेवरून खुर्चीत बसवणं आणि न्हाणीघरातली पडझड यांचा एकत्र वर्ग घ्या. औषधांच्या वर्गाला प्रत्येकानं घरची सगळी पाकिटं पिशवीत आणायची. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असल्याचं तिथे लक्षात येतं. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असलेली, औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटायची नाही, हेही तिथेच सांगा. साखर ७० च्या खाली गेली तर शुद्धीवर असलेल्या आणि नीट गिळता येणाऱ्याला तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही.

कागदपत्रांसाठी एक वर्ग पुरतो. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. घरच्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. हयातीचा दाखला चेहरा ओळखून मोबाइलवर देता येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. घर मुलाच्या नावावर करायचंच असेल तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ती नसेल तर, मुलानं सांभाळलं नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला याच कायद्याच्या कलम २३ चा आधार लंगडा पडतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे आकडे त्या दाराच्या कागदावर लिहून टाका.

मावशींसाठी वेगळा वर्ग घ्या, त्यांच्या पाळीच्या वेळेत आणि पगार न कापता. दिवसाचे बारा तास रुग्णाला हात त्यांचाच लागतो. त्यांच्या कमरेची काळजी, जेवायची वेळ, आठवड्याची सुट्टी यांवर त्याच दिवशी मालकांनाही बोलतं करा.

बोलायची तीस मिनिटं

ही वाचवण्यासाठी एकजण ठामपणे वेळ पाळणारा हवा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे दर वेळी म्हणायचं. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. ‘आमच्या ओळखीच्यांना अमुक काढ्यानं गुण आला’ हे वाक्य तिथेच थांबवायचं. आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसाला आपण काही करायचं ठेवलं की काय, असं वाटू लागतं. ‘मी तिच्यावर ओरडलो’ असं कुणी म्हणालं तर घाईघाईनं समजूत घालू नका, पूर्ण ऐकून घ्या. झोप उडालेली, हात उचलला गेलेला, ‘यातून सुटावं’ असं वारंवार म्हणणारा शुभंकर दिसला तर वर्ग संपल्यावर एकट्याला गाठा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासमोरच लावून द्या, आणि त्या आठवड्यात सोबतीची एक जादा पाळी त्याच्या घरी ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपस्थिती घसरते. बहुतेक वेळा कारण एकच: सगळं एका उत्साही माणसावर चाललेलं असतं आणि त्याच्याच घरी दुखणं येतं. सोबतीची यादी, सामान आणि फोन ही तीन कामं पहिल्या दिवसापासून तिघांकडे द्या.

एखाद्या घरचा शुभार्थी गेला तर वहीतून ते नाव खोडू नका. दिवस झाल्यावर दोघांनी जाऊन यावं. खाट आणि चाकाची खुर्ची परत करायला मदत करावी, कारण ती रिकामी खाट एकट्यानं हलवणं फार जड जातं. वर्गाचं बोलावणं आधीसारखंच पाठवत राहा. सोबतीला येता का, हे मात्र त्यांना काही महिने विचारू नका.