पेडणेकर, शिरोडकर आणि नकाशावरचं इंग्रजी: गोव्याकडच्या आडनावांत या चुका टाळा

मे महिना आला की गावी जाणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात, "दादा, आमचं मूळ गाव पर्नेम आहे वाटतं, कसं जायचं?" पर्नेम नाही रे बाबा, पेडणे! आडनाव पेडणेकर लावतोस आणि गावाचं नाव मोबाईलवरचं इंग्रजी वाचून सांगतोस?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून नीट सांगतो. गोव्यातल्या गावांचं इंग्रजी स्पेलिंग पोर्तुगीजांनी त्यांच्या कानाने लिहिलेलं आहे. शेवटचा 'एम' हा म नाहीच, तो नाकातला उच्चार, कोंकणीत पेडणें म्हणतात तसा. 'ड'साठी त्यांनी 'आर' घातला, म्हणून पेडणेचं पर्नेम आणि मडगावचं मार्गाव. आडनावाचं स्पेलिंग मात्र आपल्या लोकांनी नंतर सरळ 'डी' घालून केलं, त्यामुळे गाव एका स्पेलिंगचं, आडनाव दुसऱ्याच, आणि पोरांना दोन्हीचा संबंधच लागत नाही. मडगावला तर स्टेशनच्या पाटीवर 'डी' आणि बाहेर गावात दुकानांच्या पाट्यांवर 'आर', नवीन माणूस विचारतो ही दोन गावं आहेत का. तसंच बिचोलिम म्हणजे डिचोली (कोंकणीत दिवचल), सांकेलिम म्हणजे साखळी, सिओलिम म्हणजे शिवोली, थिविम म्हणजे थिवी, अल्डोना म्हणजे हळदोणे. माझी सवय एकच, कंडक्टर गावाचं नाव कसं ओरडतो ते ऐकायचं, पाटी वाचायची नाही.

दुसरी चूक, एका नावाचं एकच गाव असतं असं धरून चालणं. ओळखीतले एक शिरोडकर, जन्म डोंबिवलीचा, गावच्या माउलीला नारळ द्यायचा म्हणून मॅपवर शिरोडा टाकलं, पहिलं आलं ते सिलेक्ट केलं आणि बायकापोरांसकट गाडी काढून निघाले. पोचले फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याला. तिथे देवळात कामाक्षी, आणि हे विचारतायत माउलीचं देऊळ कुठाय, वेळागरचा किनारा कुठाय! तिथे समुद्र कुठला, बाजूला जुवारी नदी. पोरं गाडीत कंटाळलेली, मिसेसचा पारा चढलेला. शेवटी आजीला फोन लावला तर ती म्हणते, "अरे मेल्या, आपला शिरोडा वेंगुर्ल्याचा, मिठागराचा, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो!" मग अर्धा गोवा ओलांडून, पेडण्यावरून हद्दीपलीकडे. हा फोन निघायच्या आधी करायला किती वेळ लागला असता? पण नाही, लोकांना मॅपवर विश्वास, घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर नाही. फोंड्याचंही तेच, एक गोव्यात आणि एक कणकवली तालुक्यात घाटाखाली. गोव्यातल्याला पोंडा म्हणू नका, स्पेलिंगमधला 'एच' गळलाय, फ शाबूत आहे. मी तर गाव विचारलं की लगेच तालुका विचारतो, तालुका सांगता येत नसेल तर निघूच नका.

कुलदैवत जिथे तेच मूळ गाव, हेही धरू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने बरेच देव हलवले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, वर सांगितलेली कामाक्षीसुद्धा मूळ राय गावची.

'कर' म्हणजे टॅक्स नव्हे. त्या गावचा, एवढंच.

'कर' लावतो म्हणजे तिथेच जन्मला, असंही नाही. बाबासाहेबांचं आडनाव मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून, जन्म मात्र १८९१ साली महूचा. गावात राहणारा माणूस बहुतेकदा गावाचं नाव लावत नाही, बाहेर पडलेल्याला लोक लावतात, त्यामुळे पेडण्यात पेडणेकर शोधत फिरू नका.

गावावरून आडनाव बनवायचा एकच फॉर्म्युला नाही. पेडणेचं पेडणेकर, पण साखळीचं साखळकर, डिचोलीचं डिचोलकर, म्हापशाचं म्हापसेकर. नियम काढत बसू नका, त्या घरातले म्हणतात तेच बरोबर.

पेडनेकर नाही, पेडणेकर. हिंदी चॅनेलवाल्यांना ण जमत नाही, तुम्हाला काय झालं?

आणि 'पेडणेला', 'म्हापसात' असलं लिहू नका. पेडण्याला, म्हापशात, फोंड्याला.