माईक पिशवीतून उशिरा काढा

सामुदायिक रेडिओ केंद्रावर रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. धालोंवर, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्यांवर, कार्यक्रम करायचा होता. फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या पाच बायकांना दुपारी तीन वाजता स्टुडिओत बोलावलं. रिक्षाचे पैसे दिले, चहा-भजी मागवली, एसी सुरू केला. त्या नवी लुगडी नेसून, केसांत अबोली माळून आल्या. पण ‘आता गा’ म्हटल्यावर एकमेकींची तोंडं बघत बसल्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्क आजी शेवटी म्हणाली, “बाय, मांडाभायर धालो गायनांव आमी.”

मांड म्हणजे धालोंची ठरलेली, पवित्र मानलेली जागा. तिथे दिवा लागल्याशिवाय, नमन झाल्याशिवाय ती गाणी तोंडातून निघत नाहीत. आणि निघतात ती पौषात. मी बोलावलं होतं भाद्रपदात, चवथ आटोपल्यावर.

या कामात यायचंय म्हणून मुलंमुली मला विचारतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न आवाजाचा असतो. आवाज ठीकठाक असला तरी चालतो. पंचांग वाचता यायला हवं.

आधी हे केंद्र म्हणजे काय ते थोडक्यात. भारतात २००२मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही असा रेडिओ चालवायला परवानगी मिळाली. ताकद फक्त १०० वॉटची, म्हणजे साधारण दहा-बारा किलोमीटरचा टापू. तोही सपाट जमिनीवर. आपल्याकडे मध्ये एखादा डोंगर आला की पलीकडच्या वाड्यावर नुसती खरखर. कोणी सिग्नलबद्दल कुरकुर केली की आमचे केंद्रप्रमुख गोवा मुक्तिलढ्यातल्या लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांची आठवण काढतात. या दोघांनी १९५५च्या नोव्हेंबरपासून थेट गोवा मुक्तीपर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. त्यांच्यापुढे आमची कुरकुर टिकत नाही.

निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी तिथेच केलेले असावे लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र मात्र जसंच्या तसं लावता येतं. नवखे इथे हमखास अडकतात. मीही पंचायतीतल्या एका भांडणावर तावातावाने बोलले होते आणि नंतर बोलणी खाल्ली होती. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, हवामान, जत्रा, परीक्षा हे सगळं बिनधास्त सांगा. गावाला खरं तर तेच हवं असतं.

आता रेकॉर्डिंग. खारफुटीवर आणि खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, मालिका करायची ठरली तेव्हा मी सकाळी दहाची वेळ घेऊन मानशीवर पोचले. मानस म्हणजे बांधातला दरवाजा. खाडीला भरती आली की पाण्याच्या जोरानेच त्याची फळी मिटते, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी ती फळी ढकलून बाहेर पडतं. मला तो फळी उघडतानाचा आवाज हवा होता. दहा वाजता पाणी थोपलेलं, सगळं गप्प. मानशीवरचे काका हसले. “घड्याळ बघून आलीस होय? आज तीथ कुठली?” भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हे मी शाळेत शिकले होते, पण ते माझ्या उपयोगी पडावं असं कधी वाटलं नव्हतं. मग दुपारी अडीचपर्यंत बांधावर बसून राहिले. आधी लाकडाची करकर झाली, मग कोणी घोट घ्यावा तसा एक आवाज आला आणि मागून पाण्याचा लोट. ते बारा सेकंद त्या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला वाजले. बसून राहण्याच्या चार-साडेचार तासांत काकांनी जे सांगितलं त्यावर दोन भाग झाले, आणि त्यातलं निम्मं माईक बंद असतानाचं होतं. नंतर परवानगी घेऊन पुन्हा बोलायला लावलं.

प्रश्न विचारण्याबद्दल एकच सांगते. आपण गोव्यातले मराठी वाचणारे लोक माईक हातात आला की भाषणाच्या मराठीत शिरतो. “आपल्या जीवनात या लोककलेचे स्थान काय?” असं मी एकदा एका बाईला विचारलं. तीही बिचारी ताठ बसून निबंध म्हणू लागली. मग मी माईक मांडीवर ठेवला आणि विचारलं, “काल जेवणाक कितें केल्लें?” तिथून ती सुटलीच. आमच्याकडे निवेदन मराठीत, माणसं त्यांच्या कोंकणीत. यावर दोन्ही बाजूंचे फोन येतात, दोन्ही बाजू रागावलेल्या असतात. तुम्हालाही येतील.

यंत्रांचं फार कौतुक करू नका. हातात मावेल असा रेकॉर्डर, कान झाकणारे हेडफोन आणि माईकवर चढवायची फोमची टोपी एवढं पुरतं. माईक तोंडापासून वीतभर, समोर नाही, किंचित तिरका. पंखा बंद करायला सांगा, शेजारच्या घरातल्या कुकरचा अंदाज घ्या. उठण्याआधी त्या जागेची एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा, संकलनात जोड लपवायला तीच लागते. माशेलच्या चिखलकाल्याला जाल तेव्हा रेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. मी नेला नव्हता.

पैशांचंही सांगायला हवं. मानधन बेताचं असतं आणि वेळेवर येईलच असं नाही. एका खात्याने प्रायोजित केलेल्या मालिकेचे पैसे आम्हाला मालिका संपल्यावर कितीतरी महिन्यांनी मिळाले. पहिली दोन वर्षं मी शिकवण्या घेत होते. इथे हात बसला की आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या चाचणीला बसता येतं, माहितीपटांना आवाज देता येतो. पण त्या आशेनेच येणार असाल तर बांधावर चार तास बसवणार नाही तुम्हाला.

धालोंचं राहिलं. पौषात मी त्या वाड्यावर गेले. पहिल्या दोन रात्री रेकॉर्डर बाहेर काढलाच नाही. तिसऱ्या रात्री आजीनेच विचारलं, “तुजें तें मशीन खंय?” मांडाच्या कडेला स्टुलावर तो ठेवला. बायकांच्या दोन रांगा कमरेत हात गुंफून समोरासमोर मागेपुढे होत होत्या. हेडफोनमध्ये एक रांग जवळ येई, दुसरी दूर जाई, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलांचा जड ठेका. शेवटच्या रात्री दोघींच्या अंगात रंभा आली. ती चार मिनिटं माझ्या आजवरच्या कामातली सगळ्यात जिवंत होती.

लावण्याआधी लॅपटॉप घेऊन आजीच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, गेले आणि सगळ्यांना पूर्ण ऐकवलं. आमच्या केंद्राचा हा नियम नाही, माझा आहे. त्या हसल्या, एकमेकींच्या चुका काढल्या. रंभेचा भाग आला तशा गप्प झाल्या. आजी म्हणाली, हे रेडिओवर नको. मी एकदाही वाद घातला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण मग त्यांच्यासमोरच तो भाग कापला आणि पुसला. आजीने पडद्याकडे बोट केलं. “गेलें?” गेलं, म्हटलं.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी वाड्यावर नेमका सिग्नल येईना, मागचा डोंगर आडवा. आजीचा नातू सेट घेऊन वर काजूच्या बागेपर्यंत चढला, तिथे लागला. पाठोपाठ बायका चढल्या. आजीला दोघींनी हात धरून नेलं.